आप्पा, चौदा

बुधवारी जास्त येतात.
गोदाघाटावर बाजार भरतो,
लोक मेथीची जुडी उलटसुलट बघायला वाकतात
आणि वरचा खिसा पुढे लोंबतो.
हे मला भैरूने सांगितलं. जो आणून देतो, तो.
भैरू त्याचं खरं नाव नाही.
माझंही सांगत नाही.

महात्मा गांधी रोडला एका तळघरात, जिन्याखाली
मी बसतो. भिंग, चिमटे, गरम हवेची बंदूक,
औषधाच्या रिकाम्या डब्यांत भरलेले स्क्रू.
कुठून आला, विचारायचं नाही, हा पहिला नियम.
सिम आधी काढायचं, हा दुसरा.
तिसऱ्याची कधी गरज पडली नाही.

काच तापवली की सुटते,
थंड दुधावरची साय बोटाने बाजूला सारावी तशी.
ती सातपूरच्या एखाद्या पाळीवाल्याच्या
तडकलेल्या फोनवर जाऊन बसते.
कॅमेरा सिन्नरला. बॅटरी फुगली नसेल तर ओझरला.
आतला बोर्ड मात्र पार्सलने जातो लांब,
समुद्रापलीकडे म्हणतात.
मी घाट उतरून कसाऱ्यापर्यंत गेलोय, तेवढंच.

तर तो फोन.
निळं कव्हर, कोपरा दातांनी चावल्यासारखा,
कव्हरच्या आत दहाची नोट, चार घड्या घातलेली,
आणि सिटीलिंकचं तिकीट: निमाणी ते पाथर्डी फाटा.
सिम काढलं. काच नंतर बघू म्हणून
ड्रॉवरमध्ये टाकला, चालूच.

संध्याकाळी साडेसातला ड्रॉवर वाजायला लागला.
कुलूप लावलेल्या फोनलाही गजर असतो,
हे मला कळायला हवं होतं, इतकी वर्षं झाली.
काचेवर लिहिलेलं:
*आप्पा इन्सुलिन. चौदा.
ताट वाढलंय का बघ, मग दे.*

बंद केला.
दुसऱ्या दिवशी घाईत बोट चुकीच्या जागी पडलं,
'थोड्या वेळाने' म्हणालो मी त्याला.
थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, आप्पा.
समोर गिऱ्हाईक होतं. म्हणालं, तुमचे वडील का?
मी म्हटलं, टेम्पर्ड लावायची का साधी?

तिसऱ्या दिवशी सकाळीच उघडला.
आधी बॅटरीची पट्टी उचलली.
ती उचलताना एरवी काही वाटत नाही.

त्या दिवशी साडेसातला काही वाजलं नाही
आणि माझा चिमटा हवेत थांबला.
पुढच्या दिवशीही.
शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या खैरनारला विचारलं,
चौदा म्हणजे जास्त असतं का रे?
तो म्हणाला, माणसावर असतं. कोण आहे?
म्हटलं, ओळखीतले.
तो म्हणाला, वेळ चुकवू नका म्हणावं.

म्हणावं. कुणाला म्हणावं?
काच सातपूरला, बॅटरी ओझरला,
बोर्ड कुठल्या तरी पेटीत, शेकडो बोर्डांच्या खाली,
आणि तिथे कुणाला मराठी येत नाही.
तिने दुसरा घेतला असेल, हप्त्यावर.
'तिने' का म्हणालो, ठाऊक नाही. मुलगाही असेल.
पुन्हा लावला असेल गजर,
किंवा नसेल लावला, आता डोक्यातच ठेवत असेल,
किंवा आप्पाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून
हाक मारत असतील आतून.

दहाची नोट मी खर्चली नाही.
काय मोठं केलं, दहा रुपये.
भैरूला बुधवारी नाही म्हणालो, असंही झालेलं नाही.
गेल्या बुधवारी तीन घेतले त्याच्याकडून.
तिन्ही आधी पूर्ण बंद केले.

एका संध्याकाळी मात्र दुकान लवकर ओढलं,
निमाणीहून ती बस धरली,
पाथर्डी फाट्याला उतरलो.
इमारतीच इमारती, प्रत्येक मजल्यावर उजेड,
कुठेतरी कुकरची शिट्टी.
साडेसात वाजून गेले होते.
टपरीवर चहा घेतला, कुणाला काही विचारलं नाही,
आलो परत.

बसमध्ये गर्दी होती.
सगळा रस्ताभर
खिशावर हात दाबून उभा होतो.